पाण्यात आणि चिखलात आरसी (रिमोट कंट्रोलची) गाडी चालवायची असेल, तर नेमके काय जलरोधक करावे?

चिखलवाट

नमस्कार. माझ्याकडे १/१० मापाची फोर-व्हील-ड्राइव्ह आरसी गाडी असून तिच्यात ब्रशची (आत घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशमधून वीज घेणारी) मोटार, तिचा वेग सांभाळणारा, खोक्यावर 'वॉटरप्रूफ' असे छापलेला स्पीड कंट्रोलर, पुढची चाके वळवणारा साधा सर्व्हो, २.४ गिगाहर्ट्‌झचा साधा रिसीव्हर (ट्रान्समीटरचे, म्हणजे हातातल्या रिमोटचे, संकेत घेणारा) आणि दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आहे. आतापर्यंत मी ती फक्त कोरड्या मातीवर चालवत आलो. परवा पाऊस थांबल्यावर मैदानातल्या डबक्यांमधून ती पळवण्याचा मोह मला आवरला नाही. रिसीव्हर भिजू नये म्हणून मी तो फुग्यात घातला होता आणि तारा जेथून बाहेर येतात तेथे फुग्याचे तोंड केबल टायने घट्ट आवळले होते. एवढ्यावर भागेल अशी माझी समजूत होती.

पहिली दहा मिनिटे गाडी उत्तम चालली. मग पुढची चाके आपोआप थरथरू लागली, थोड्या वेळाने स्टीअरिंग एका बाजूला अडकून बसले आणि शेवटी गाडी ट्रान्समीटरला दादच देईना. घरी आल्यावर फुगा कापला, तेव्हा तो आतून पूर्ण घामेजलेला होता. रिसीव्हरच्या पिनांच्या मुळाशी पाण्याचे थेंब होते आणि दोन पिनांच्या मध्ये हिरवट काळा थर जमला होता. नवल असे की फुगा कोठेही फाटलेला नव्हता. हवा भरून पाण्यात बुडवून पाहिला, तरी एक बुडबुडा आला नाही.

रिसीव्हर तर गेलाच. आता नवा बसवण्यापूर्वी मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. न फाटलेल्या फुग्यात पाणी शिरले कसे? रिसीव्हर आणि सर्व्हो यांना कोटिंग लावावे की त्यांना बंद डबीत ठेवून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवाव्यात? ब्रशची मोटार काढून ब्रशलेस (ब्रश नसलेली) बसवल्यास पाण्याची काळजी मिटते का? आणि लिपो बॅटरीचे काय करायचे? आता हे विचारणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला असे आहे, याची मला कल्पना आहे. पण पुढचा बैल तरी वाचावा.

तांब्याची_तार

आपल्या पहिल्या प्रश्नातच बाकीच्यांची निम्मी उत्तरे दडलेली आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पाणी फुग्याच्या रबरातून आले नाही, ते तारांतून आले. सर्व्होची किंवा स्पीड कंट्रोलरची तार बाहेरून एकसंध दिसली, तरी तिच्या प्लास्टिकच्या आवरणात बारीक बारीक तांब्याच्या तारांचा पीळ असतो आणि त्या पिळातल्या फटींमधून पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, चढत जाते. ओल्या सर्व्होत शिरलेले पाणी त्याच्याच तारेतून वर येऊन रिसीव्हरच्या पिनांपाशी पोहोचू शकते आणि बाहेरून केबल टाय कितीही आवळला, तरी ही वाट बंद होत नाही. आपण एक करून पाहा. त्या सर्व्होची तार प्लगपासून बोटभर अंतरावर कापा आणि आवरण मागे ओढा. आतले तांबे लालसर चकचकीत असेल, तर माझा तर्क चुकला असे समजा. ते काळपट झालेले असेल, तर पाणी कोणत्या रस्त्याने आले ते आपल्याला डोळ्यांनी दिसेल.

दुसरे कारण हवेचे आहे. गाडी चालताना सगळे भाग तापतात आणि बंद डबीतली किंवा फुग्यातली हवाही तापते. समजा, ती ५० अंश सेल्सिअसपर्यंत गेली आणि गाडी एकदम २० अंशाच्या डबक्यात उतरली. आतली हवा थंड होताना तिचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण ही घट जवळजवळ एक मीटर खोल पाण्याच्या दाबाइतकी आहे. म्हणजे डबके चार बोटे खोल असले, तरी डबीच्या सीलवर काही क्षण मीटरभर खोलीचा ताण येतो आणि जेथे केसाएवढी फट असेल, तेथून डबी पाणी आत ओढून घेते. फुगा लवचीक असल्याने तो आकसून हा दाब बराचसा सांभाळून घेतो. पण आत कोंडलेली दमट हवा थंड झाली की तिच्यातली वाफ त्याच्या भिंतींवर आणि रिसीव्हरवर थेंबांच्या रूपाने बसतेच. फुग्याचा खरा दोष मात्र पुढे आहे. आत गेलेले पाणी बाहेर पडायला त्यात वाटच नसते.

म्हणून माझे मत असे, की गाडीत पाणी शिरणारच हे गृहीत धरावे आणि शिरलेल्या पाण्याने काही बिघडू नये, तसेच ते लवकर निघून जावे, अशी व्यवस्था करावी. 'पाण्याचा एक थेंब आत जाऊ देणार नाही' या हट्टाने जे काही बंद केले जाते, तेच बहुधा आधी सडते.

आता कोटिंगबद्दल. सर्किट बोर्डासाठीचे कॉन्फॉर्मल कोटिंग हे पातळ, पारदर्शक आणि वीज न वाहू देणारे लेपन असते. ते ॲक्रिलिक, सिलिकॉन आणि युरेथेन अशा प्रकारांत मिळते. ॲक्रिलिक लवकर वाळते आणि पुढे दुरुस्ती करायची झाल्यास द्रावकाने काढता येते. सिलिकॉन मऊ राहते, त्यामुळे ते धक्के आणि उष्णता चांगली सोसते. युरेथेन चिवट असते. पण ते काढताना नाकी नऊ येतात. आपण प्रथमच करत असाल, तर ब्रशने लावायचे सिलिकॉनचे कोटिंग घ्यावे. फवारा घाईच्या माणसाचा मित्र वाटतो खरा. पण तो नको तेथे जातो आणि हव्या त्या सावलीतल्या जागा सोडतो.

नव्या रिसीव्हरची प्लास्टिकची पेटी उघडा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश यांनी दोन्ही बाजूंनी स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. सोल्डरिंगचे राहिलेले फ्लक्स आणि बोटांचे तेलकट ठसे यांवर कोटिंग नीट धरत नाही. तेथे ते पुढे पापुद्र्यासारखे सुटते आणि खाली ओल अडकून बसते. पिनांवर जुने प्लग बसवून मगच हात चालवा, कारण पिनेवर कोटिंग गेले तर ती वीज वाहून नेणार नाही. बाइंडचे (ट्रान्समीटरशी जोडी जमवण्याचे) बटण असेल, तर त्याच्या भोवतीचे सोल्डरचे टाके कोटिंगने भरा, पण बटणाच्या फटीत थेंब उतरू देऊ नका. तसे झाल्यास ते कायमचे चिकटेल किंवा दाबूनही लागणार नाही. पहिला पातळ हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्या. एकच जाड थर देण्यात शहाणपण नाही, त्यात बुडबुडे राहतात.

बहुतेक कोटिंगमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे छोटा यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च घेऊन अंधारात बोर्ड तिरका धरून पाहणे आवश्यक आहे. माझ्या पहिल्या रिसीव्हरचा बोर्ड असा धरला, तेव्हा सगळा भाग निळसर उजळला होता, फक्त पिनांच्या काळ्या ठोकळ्याला लागून नखाच्या कडेएवढी एक अंधारी रेघ होती. ब्रश वरून फिरला होता. ठोकळ्याच्या बुडाशी पोहोचलाच नव्हता. विजेचा धन आणि ऋण टाका शेजारी शेजारी नेमका तेथेच असतो.

हे टाके महत्त्वाचे का, ते सांगतो. निव्वळ पावसाचे पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नसते. मैदानातल्या चिखलात मात्र मातीतले क्षार विरघळलेले असतात. असे पाणी दोन पिनांच्या मध्ये बसले आणि बॅटरी चालू असली, की धन बाजूचे तांबे झिजून पाण्यात उतरते आणि ऋण बाजूकडे सरकत जाऊन तेथे धातूचे बारीक फाटे वाढू लागतात. आपल्याला दिसलेला हिरवट काळा थर याच खेळाची खूण आहे. यासाठी गाडी वेड्यासारखी वागू लागली की पहिले काम म्हणजे बॅटरी काढणे. आपण चाके थरथरू लागल्यावरही गाडी चालू ठेवलीत, त्या थोड्या वेळात जे नुकसान झाले, ते बंद अवस्थेत कदाचित दोन दिवसांतही झाले नसते.

अँटेनाविषयी एक सूचना. रिसीव्हरच्या अँटेनाच्या टोकाचा, वरची जाळी सोललेला सुमारे ३१ मिलिमीटरचा भागच खरे काम करतो, कारण २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीच्या लांबीचा तो चौथा हिस्सा आहे. तो कापू नका, दुमडू नका आणि शक्य तितका उंच, नळीत उभा ठेवा. या लहरी पाण्यात फार लवकर शोषल्या जातात, त्यामुळे अँटेना बुडाली की गाडी हाताबाहेर गेलीच म्हणून समजा. त्यासाठी सिग्नल तुटल्यास मोटार थांबेल असा फेलसेफ आधीच बसवून, ट्रान्समीटर बंद करून, चाके उचललेल्या स्थितीत तो तपासून घ्यावा.

फटी बुजवण्यासाठी सिलिकॉन सीलंट वापरायचेच असेल, तर त्याचा वास घेऊन पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सीलंट वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते तांबे खाते. इलेक्ट्रॉनिक्सजवळ न्यूट्रल-क्युअर, म्हणजे वाळताना असे आम्ल न सोडणाऱ्या, प्रकारचेच सीलंट चालते. रिसीव्हरची डबी असेल तर ती जरूर वापरा. पण चिखल आणि दगड यांपासूनचे संरक्षण म्हणून वापरा आणि प्रत्येक फेरीनंतर तिचे झाकण उघडून ठेवा. तारा डबीत नेण्यापूर्वी त्यांना खाली झुकलेला एक वळसा द्या, म्हणजे तारेच्या बाहेरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडेल.

चिखलवाट

आपल्या सांगण्यावरून तार कापून पाहिली. प्लगपासून अंदाजे चार सेंटिमीटरपर्यंत तांबे काळे पडलेले निघाले, आणि सर्व्होच्या बाजूने तर आवरण ओढताच पाण्याचा एक थेंब बोटावर आला. गाडी तीन दिवस कोरड्या जागी उभी होती, हे लक्षात घेता मला हे पाहून धक्काच बसला.

आता सर्व्होविषयी विचारतो. तो उघडून त्याच्याही बोर्डाला कोटिंग लावायचे का? काही जण सर्व्होची पेटी पूर्ण ग्रीसने भरून टाकतात असे वाचले आहे. तसेच स्पीड कंट्रोलरवर 'आयपी६७' असा शिक्का आहे, तेव्हा त्याला हात लावायची गरज नाही ना?

ग्रीसचा_डबा

सर्व्हो ग्रीसने भरण्याचा उपाय मी स्वतः वापरतो आणि तो चालतो. खालचे चार लांब स्क्रू काढायचे, बोर्डाच्या भोवती आणि गिअरच्या खणात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस ठासायचे आणि झाकण लावायचे. जेथे ग्रीस आहे तेथे पाण्याला जागाच उरत नाही. माझा एक सर्व्हो दोन वर्षे असाच चालला आहे, त्यामुळे या उपायाला नावे ठेवण्यापूर्वी करून पाहावे, एवढेच म्हणतो.

तांब्याची_तार

ग्रीसचा_डबा यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण या उपायात नशिबाचा वाटा मोठा आहे, हे सांगणे भाग आहे.

साध्या सर्व्होत शाफ्टच्या खाली एक पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्या पट्टीवरून एक बारीक धातूची जीभ फिरते आणि चाक कोठे वळले आहे, ते बोर्डाला कळवते. तिच्याखाली वीज न वाहू देणारे जाड ग्रीस शिरले, तर ती पट्टीवरून उचलली जाऊ शकते आणि सर्व्हो आपली जागा विसरून थरथरू लागतो. म्हणजे जो रोग टाळायचा, तोच उपायातून ओढवतो. शिवाय सर्व्होची छोटी मोटार ब्रशची असते. ब्रशच्या ठिणग्यांपाशी सिलिकॉनची वाफ पोहोचली, तर तिच्यापासून वाळूसारखा, वीज न वाहू देणारा थर तयार होतो आणि ब्रश लवकर झिजतात. थंड हवेत ग्रीस घट्ट होऊन सर्व्हो मंदावतो, हा तिसरा मुद्दा.

मी स्वतः असे करतो. खालचे झाकण काढून बोर्डाला दोन्ही बाजूंनी कोटिंग लावतो, पोटेन्शिओमीटरला आणि मोटारीच्या भोकांना हात लावत नाही. तार जेथे पेटीतून बाहेर येते, तेथे न्यूट्रल-क्युअर सीलंटचा एक टिपका देतो. पेटीच्या तिन्ही तुकड्यांच्या सांध्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतो. वरच्या शाफ्टवर बेताची ओ-रिंग (रबरी कडे) ग्रीस लावून बसवतो आणि तिच्यावर हॉर्न (शाफ्टवरचा छोटा दांडा) असा कसतो, की रिंग किंचित दबेल पण शाफ्ट जड फिरणार नाही. शाफ्टची ही जागाच सर्व्होचे मुख्य दार आहे. बहुतेक पाणी येथूनच आत जाते. ग्रीस निवडताना सिलिकॉनचे घ्यावे, कारण पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगून सैल पडते. मात्र ओ-रिंगच सिलिकॉन रबराची असेल, तर सिलिकॉन ग्रीस तिलाही फुगवते, तेव्हा नायट्राइल रबराची रिंग घेतलेली बरी.

हे सगळे करूनही साधा सर्व्हो हा गाडीतला सर्वांत दुबळा भाग राहतो. पाण्यात नेहमीच चालवायचे ठरले असेल, तर कारखान्यातून सीलबंद आलेला सर्व्हो घ्यावा आणि कोटिंगचे कौशल्य रिसीव्हरवर खर्च करावे.

'आयपी६७'विषयी. हा शिक्का आयईसी ६०५२९ या मानकातून येतो. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटे ठेवल्यावर घातक प्रमाणात पाणी आत जाऊ नये. मात्र ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे, आणि ७ मिळाला म्हणजे जोराच्या फवाऱ्याची ५ किंवा ६ ही पातळीही आपोआप मिळाली, असे होत नाही. त्यामुळे चिखल धुताना दाबाच्या पाण्याचा झोत कंट्रोलरवर मारू नका. त्याच्या पेटीत बहुधा इपॉक्सी ओतून बोर्ड बुजवलेला असतो, तेव्हा तो उघडण्याच्या भानगडीत पडू नये. लक्ष द्यायचे ते त्याच्या स्विचकडे, पंख्याकडे आणि बॅटरीच्या कनेक्टरकडे, कारण हे तिन्ही भाग त्या इपॉक्सीच्या बाहेर असतात. स्विचमध्ये ग्रीस भरा. कनेक्टरच्या नर-मादी टोकांना ग्रीसचा पातळ हात द्या, जोडताना धातू धातूला घासून आपली जागा करून घेतो आणि उरलेल्या पोकळीत ग्रीस राहते. कोटिंग हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) मात्र कधीही लावू नका.

पिनिअन_सोळा

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल वर पुरेसे आले आहे. पण मंडळी पाण्यातच अडकली आणि चिखल विसरली असे मला वाटते. पाण्याने गाडी एका दिवसात मरते, चिखलाने ती हप्त्याहप्त्याने मरते, एवढाच फरक.

चिखलात टायरला माती लगडली की प्रत्येक चाकाचे वजन वाढते, आणि फिरणाऱ्या भागाचे वाढलेले वजन मोटारीला सर्वांत जास्त जड जाते. टायरच्या आतला स्पंजही पाणी पिऊन बसतो. रिममध्ये हवेसाठी ठेवलेली भोके पाणी आत घेतात, पण सहजी बाहेर सोडत नाहीत, कारण फिरताना पाणी बाहेरच्या कडेला, म्हणजे टायरच्या तळाला जाऊन चिकटते. उपाय असा, की रिमची भोके टेपने बंद करावीत आणि टायरच्या मधोमध, खाचेत, तीन-चार ठिकाणी बारीक भोके पाडावीत. चाक वेगाने फिरले की पाणी तेथून पिचकारीसारखे उडून जाते. पहिल्यांदा हे पाहताना मजा वाटते.

मग पिनिअन, म्हणजे मोटारीच्या शाफ्टवरचे छोटे दातेरी चाक, लहान करा. १८ दातांच्या जागी १६ दातांचे बसवल्यास वरचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि चाकाकडे जाणारी ओढ साडेबारा टक्क्यांनी वाढते. चिखलात वेग कोणाला हवा असतो? दर दहा मिनिटांनी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटारीचे तापमान पाहावे. ८० अंशांच्या वर जाऊ लागली, तर विश्रांती द्यावी. तापलेली मोटार थंड करायला डबक्यात घालणे मात्र टाळावे. वर हवेच्या दाबाबद्दल जे लिहिले आहे, ते बेअरिंगलाही लागू पडते.

ब्रशलेसचा प्रश्न राहिला. मोटारीच्या वेटोळ्यांच्या तारेवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटार पाण्यात बेलाशक चालते. तिच्यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक्सच नसते. सेन्सरच्या मोटारीत हॉल सेन्सरचा छोटा बोर्ड असतो, तो भिजला की मोटार अडखळते. ब्रशची मोटारही पाण्यात चालते. पण चिखलातली बारीक रेती ब्रश आणि कम्युटेटर यांच्या मध्ये शिरून सहाणेसारखे काम करते आणि ब्रशचे आयुष्य झपाट्याने घटते. दोन्हींमध्ये बेअरिंग गंजतातच. तेव्हा ब्रशलेस घेतल्याने काळजी कमी होते, मिटत नाही. आपली सध्याची मोटार संपेपर्यंत तीच वापरा, असे मी सांगेन.

फेरीनंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण गाडी त्यावरच टिकते. माती वाळण्याआधी मऊ ब्रशने आणि हलक्या धारेने गाडी धुवावी. वाळलेली माती खरवडली की प्लास्टिकवर आणि सीलवर ओरखडे उठतात. गाडी आडवी-उभी करून पाणी निथळू द्यावे आणि पंख्याखाली ठेवावी. डब्ल्यूडी-४०च्या नावातील पहिली दोन अक्षरे पाणी हटवण्यासाठीच आहेत. तेवढ्याच कामासाठी ते बेअरिंगवर आणि ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांवर वापरावे. ते वंगण म्हणून पुरत नाही, म्हणून ते उडून गेल्यावर प्रत्येक बेअरिंगला तेलाचा एक थेंब द्यावा लागतो. स्लिपर क्लचवर (जादा ताण आला की घसरणाऱ्या क्लचवर) ते उडू देऊ नका, नाहीतर गाडी जागच्या जागी गुरगुरत राहील.

तळातले_पाणी

बॅटरीच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. लिपोच्या पाऊचमध्ये गोड्या पाण्याने लगेच काही होत नाही. धोका आहे तो तिच्या टोकाशी, म्हणजे बॅलन्सच्या (प्रत्येक सेलचा व्होल्टेज चार्जरला कळवणाऱ्या) पांढऱ्या प्लगपाशी आणि सेलच्या पट्ट्यांना तारा जोडलेल्या जागी, कारण तेथे पाणी साचून राहिले की गंज चढतो आणि पुढे एखाद्या सेलचे मोजमाप चुकते. बॅलन्सच्या प्लगमध्ये ग्रीस भरून त्यावर टोपी बसवावी. बॅटरी हवाबंद गुंडाळू नये, कारण सेल फुगला तर तो दिसला पाहिजे. भिजलेली बॅटरी काढून पुसावी, सामान्य तापमानाला वाळवावी आणि ती पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. हेअर ड्रायरची गरम हवा तर मुळीच नको. ठेवून द्यायची असेल, तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

ओले भाग तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. तांदळाची पूड कनेक्टरमध्ये जाते आणि ओल मात्र फारशी शोषली जात नाही. बंद डब्यात सिलिका जेल किंवा नुसता चालू पंखा याहून कितीतरी सरस.

आणि समुद्राचे पाणी हा वेगळाच विषय आहे. ते इतके चांगले वाहक आहे, की उघड्या कनेक्टरवर बुडबुडे निघताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू तांबडे होतात. इतके सगळे कोटिंग करूनही मी माझी गाडी खाऱ्या पाण्यात घालत नाही.

चिखलवाट

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

नव्या रिसीव्हरला सिलिकॉनच्या कोटिंगचे दोन हात दिले. यूव्ही टॉर्चखाली पाहिले, तर पिनांच्या ठोकळ्यापाशी तीच अंधारी रेघ माझ्याही बोर्डावर होती, म्हणून टाचणीच्या टोकाने थेंब थेंब सोडून ती भरली. सर्व्हो सीलबंद घेतला. फुग्याला रजा दिली. रिसीव्हर आता झाकणाच्या डबीत आहे आणि घरी आल्यावर झाकण काढून ठेवतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर डबीत खरोखरच चमचाभर पाणी सापडले, आणि तरीही गाडी अगदी नीट चालली.

१८ दातांचे पिनिअन असताना चिखलात दहा मिनिटांत मोटार ९१ अंशांवर गेली होती. १६ दातांचे बसवल्यावर त्याच जागी, तेवढ्याच वेळात ती ७४ वर थांबली. टायरना भोके पाडली. पिचकारी उडते खरी, फक्त पहिल्या खेपेस मी मागेच उभा होतो.

एक अडचण उरली आहे. मागच्या डाव्या चाकातून फिरताना खरखर असा आवाज येतो आणि चाक हाताने फिरवले, तर लगेच थांबते. तेथील बेअरिंगला दोन्ही बाजूंनी धातूच्या चकत्या आहेत. तेल घातल्यावर आवाज एक दिवस जातो आणि पुन्हा येतो.

पिनिअन_सोळा

त्या धातूच्या चकत्यांना आतल्या कड्यापाशी फट असते आणि रेती तेथूनच आत गेली आहे. ती एकदा आत गेली की तेलाने फक्त ओली होते, बाहेर येत नाही. त्याच मापाची, दोन्ही बाजूंना रबराची सील असलेली, म्हणजे '२आरएस' खुणेची बेअरिंग घ्या. ती किंचित जड फिरतील, पण चिखलात तो तोटा जाणवणार नाही. बदलताना चारही चाकांची एकदम बदला, कारण मागचे डावे बोलू लागले आहे, याचा अर्थ उरलेली तीन फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत. जुने फेकण्यापूर्वी त्याची चकती टाचणीने उचकटून आत एकदा पाहा.

चिखलवाट

उचकटले. आत ग्रीस नावालाही नव्हते. गोळ्यांच्या मध्ये विटकरी रंगाचा लगदा होता आणि बोटांनी चोळल्यावर तो कचकचत होता. चारही बेअरिंग बदलत आहे.